कमी उजेडाच्या दातेबाई

दातेबाई दार उघडायच्या तेव्हा आधी त्यांची पांढरी साडी दिसायची, बाई मागाहून दिसायच्या. स्वारगेटच्या मागच्या बाजूला त्यांचं तळमजल्यावरचं घर होतं. बाहेर भरदुपारचं ऊन आणि बसगाड्यांचे भोंगे, पण आत मिट्ट काळोख. हॉलच्या कोपऱ्यात खाऱ्या पाण्याची टाकी आणि तिच्यावर मंद निळा दिवा, बाकी काही नाही. त्या दिव्यात पांढरं काहीही चमकतं. पहिल्या दिवशी उंबऱ्याच्या आत एक रिकामी साडी उभी आहे असं वाटून मी दचकलो. साडीतून आवाज आला, "उभे काय राहिलात? आत या, नाहीतर दार लावा. उजेड येतोय."

मी म्हटलं, "नमस्कार काकू."

"मी तुमच्या काकांना ओळखत नाही. बाई म्हणा. सगळं कॉलेज म्हणायचं."

कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाईंनी सगळी नोकरी केली होती. मी अमरावतीचा, सकाळपाळीच्या नोकरीपायी बायकोसह कोथरूडला येऊन पडलेला. फ्लॅटमध्ये चपलांच्या कपाटावर मी हौसेनं दीड फुटाची समुद्री टाकी मांडली होती. दिवा साधाच. दुकानदारानं गळ्यात मारलेलं फांद्यांचं प्रवाळ पंधरा दिवसांत मेलं. दुसरं आणलं, तेही गेलं. मग कुणीतरी सांगितलं की दातेबाई आपल्या टाकीत वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे देतात, पण आधी घर बघतात. मुलगी द्यायची असावी तसं.

आणि बघितलंच. बसनं आल्या, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक पांढरी चिनी मातीची बशी. पडदे ओढायला लावले, टाकीचा दिवा तेवढा ठेवला. बशी तळाशी सोडली आणि सावली किती गडद पडते त्यावरून उजेड मोजायला पाण्यावर बोट धरलं.

"बशीत सावली दिसते?"

"अगदी पुसट."

बशी वर उचलून मधल्या दगडावर ठेवली. "आता?"

"जरा बरी."

"मग फांद्यावाली विसरा. त्यांना डोक्यावर ऊन हवं, ते तुमच्याकडे नाही. तळाला छत्र्या बसतील. मधल्या दगडावर बटणं. सगळ्यात वर सावली ठळक पडते तिथे गवत चालेल, पण गवत मी इतक्यात देणार नाही." छत्र्या, बटणं, गवत ही बाईंनी प्रवाळांना ठेवलेली नावं. दुकानातली इंग्रजी नावं त्यांना पाठ होती, पण म्हणायच्या, "रोज हाक मारायची असते तिथे पाहुण्यांची नावं कशाला?"

छत्र्या आल्या आणि मी माती खाल्ली. तपकिरी, मलूल दिसत होत्या. मला त्यांची कणव आली. बाजारात मिळाला तो सगळ्यात जोरकस दिवा आणून मी वर लावला. आठ दिवसांत छत्र्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या. त्या बरणीत घालून, मान खाली घालून मी बाईंच्या दारात उभा राहिलो.

बाईंनी बरणी निळ्या दिव्याजवळ धरली. "दिवा बदललात."

"वाटलं, बिचाऱ्यांना जरा..."

"दया आली. दयेनं भाजलीत त्यांना." मला वाटलं, आता हाकलतील. पण बरणी खाली ठेवून म्हणाल्या, "मीही केलंय हे. माणसाच्या बाबतीत."

त्यांची धाकटी बहीण शालू त्यांच्याकडेच राहायची. तिच्या डोळ्यांना काही आजार होता, उजेड सुईसारखा टोचायचा. म्हणून घर काळोखाचं आणि म्हणून टाकीत सगळी कमी उजेडाची प्रवाळं, तिला बघता यावीत अशी. रोज चारला दहा कमी असताना शालू वेताच्या खुर्चीत टाकीसमोर बसायची आणि पाण्यात बोट घालून गवताला हळूच लावायची. बाई ओरडायच्या, "हात घालू नकोस, पाणी बिघडतं." स्वतः बाईंनी त्या गवताला कधी बोट लावलं नाही. मग एके दिवशी बाईंना वाटलं, ही अंधारात कुढतेय. त्यांनी न विचारता सगळे पडदे सर्रकन उघडले. शालू किंचाळली. त्या दिवसापासून ती बहिणीशी बोलली नाही, जे काय बोलायची ते टाकीशी. वर्षभरात गेली.

हे सांगता सांगता बाई घड्याळाकडे बघून उठल्या, वेताची खुर्ची टाकीकडे वळवून ठेवली आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसल्या. दगडावर जांभळी साय धरावी तशी कातडी आणि तिच्यावर हिरवं गवत फुललेलं, पाण्याबरोबर डुलत होतं. बघता बघता एका जागी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत, ते आत ओढलं गेलं. जांभळा ठिपका उघडा पडला. बाईंचे हात मांडीवर होते, माझे गुडघ्यांवर. खुर्ची रिकामी. अर्ध्याएक मिनिटानं गवत पुन्हा वर आलं.

"शालू," बाई म्हणाल्या. दूध आलं म्हणावं तशा.

मी घाईनं म्हटलं, "गोगलगाय असेल, बाई."

"असेल. घड्याळ बघून येणारी."

मी हट्टानं आणखी चार वेळा गेलो. भिंग घेऊन गेलो. त्या बाजूला ना मासा, ना गोगलगाय. एकदा भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे पडलं होतं, तर ठिपका माझ्या मोबाइलच्या वेळेला उमटला. त्या दिवशी रिक्षात बसेपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही. खरं सांगतो, मी भ्यालो होतो. तरी पुन्हा गेलोच.

पुढे बाईंच्या हृदयानं कुरकूर सुरू केली. शहराबाहेर मांजरी गावात राहणारा भाचा हेमंत त्यांना आपल्याकडे न्यायला निघाला. सातव्या मजल्यावरचा नवा फ्लॅट, तिन्ही बाजूंनी ऊन. बाईंनी मला बोलावून घेतलं. "घर बंद होणार. ती तिच्या वेळेला येईल आणि इथे टाकी नसेल. मग कुठे जाईल हो ती?" त्यांचा आवाज कापताना मी तेव्हा एकदाच ऐकला. "गवत तुम्ही न्या."

"मी? बाई, मी छत्र्या भाजल्या."

"म्हणूनच तुम्ही. एकदा भाजलेला माणूस पुन्हा दिव्याला हात लावत नाही. मी लावला नाही."

निघायच्या दिवशी टेम्पो दारात उभा होता. बाई टाकीसमोर वाकल्या आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "शालू, कोथरूडला जायचंय. दुसरा मजला, आत गेल्यावर चपलांचं कपाट, त्याच्यावर. ह्यांच्याकडे. जिना आहे, सावकाश चढ." हेमंतनं माझ्याकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं. बाई न वळता म्हणाल्या, "हेमंत, हात खाली घे. अंधारात मला तुझ्यापेक्षा जास्त दिसतं."

माझ्याकडे आल्यावर गवत मिटलं ते मिटलंच. दगडावर नुसती जांभळी कातडी. रोज चारला बाईंचा फोन यायचा. "उघडलं?" नाही, बाई. "बरं." आणि फोन बंद. बायको म्हणाली, "अहो, उजेड कमी पडत असेल, तो मोठा दिवा लावून बघा ना." एकदा मी तो माळ्यावरून खाली काढलाही. हातात धरून उभा राहिलो, आणि परत वर ठेवून दिला.

तिसऱ्या आठवड्यात गवत फुललं. मीच फोन लावला. "बाई, उघडलं!"

"आणि?"

"आणि... नुसतंच उघडलंय."

मग त्या म्हणाल्या, "मी पत्ता नीट सांगितला होता ना हो?" इतकी वर्षं कुणाचं ऐकून न घेतलेली बाई मला विचारत होती.

दोन दिवसांनी सकाळी हेमंतचा फोन आला. बाई पहाटे झोपेतच गेल्या. रात्री निजताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, पडदा नीट लाव.

मांजरीहून सगळं उरकून मी घरी परतलो, अंघोळ केली आणि खुर्ची ओढून टाकीसमोर बसलो. फार एकटं वाटत होतं. चारला दहा कमी होते. गवत डुलत होतं, आणि पुढच्या अंगाला, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत, ते आत ओढलं गेलं. मी ताडकन उठलो, फोन उचलला, बाईंचा नंबर काढला, आणि मग आठवलं.

फोन हातातच राहिला. त्या ठिपक्याच्या शेजारी, अगदी कडेला, गवत थोडंसं हललं, थांबलं, पुन्हा हललं. पाण्यात कधीच हात न घातलेल्या माणसानं भीत भीत बोट टेकवावं, तसा दुसरा ठिपका उमटला. दोन्ही ठिपके एकमेकांना लागून बराच वेळ तसेच राहिले.

मी खिडकीचा पडदा ओढला आणि बायकोला हळूच सांगितलं, "जरा वेळ दिवा लावू नकोस."