पोळ्याला बरा झालेला पाय

आमच्या गावच्या सरपंचाचा साळा लंगडा झाला तो गाडीमुळे. लोक गाडीखाली येऊन लंगडे होतात, हा गाडी मिळावी म्हणून झाला.

खरी लंगडी मी होते. लहानपणी ताप आला आणि जाताना दोन्ही पायांतला जीव घेऊन गेला. घरात मी हातांवर सरकत फिरायची, घराबाहेर मायच्या कमरेवर. चौथीपर्यंतची शाळा गावातच होती. माय मला तिथे ठेवायची आणि शेतात निंदायला जायची. पुढची शाळा बाभुळगावला, चांगली तासाभराची वाट, आणि तेवढं लांब मला कमरेवर नेणं आता मायच्यानं होत नव्हतं. चौथी पास झाल्यावर मी घरी बसून तुरीच्या शेंगा सोलू लागले. सोबतच्या पोरी दप्तर घेऊन दारावरून जायच्या तेव्हा मी मुद्दाम पाठ करून बसायची. मला पुढे शिकायचं होतं. देवाजवळही माझं याहून वेगळं मागणं नव्हतं.

पंचायत समित्या तेव्हा नव्यानं सुरू झाल्या होत्या. त्यांच्यामार्फत अपंगांसाठी हाताने फिरवायच्या तीनचाकी गाड्या आल्या, आणि आमच्या गावाच्या वाट्याला एक आली. मास्तरांनी माझं नाव सांगितलं. सरपंचांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरीले गाडी कायले? तिले कुठं जाचं हाये?" मग त्यांनी आपल्या बायकोच्या भावाचं नाव पाठवलं. हा साळा बहिणीच्या घरीच राहायचा, सरपंचांची शेती बघायचा आणि अंगानं सांडासारखा होता. तालुक्याला जाऊन तो लंगडा असल्याचा दाखला घेऊन आला. जाताना सायकलवर गेला होता.

गाडी आली. साळा तिच्यावर बैलांच्या ढेपेची पोती वाहू लागला. पोती नसली की स्वतः बसून पानठेल्यावर जायचा, वाटेत नाला लागला की उतरायचा, गाडी उचलून पलीकडे ठेवायचा आणि पुन्हा बसायचा. बाभुळगावच्या रस्त्यावर पंचायत समितीच्या साहेबांच्या जीपचा धुराळा दिसला की मात्र त्याचा पाय जायचा. कधी डावा जायचा, कधी उजवा. साहेबाला कोणता सांगितला होता ते त्याच्या लक्षात राहत नसे.

आमच्या ओट्यावरून तो रस्ता सरळ दिसायचा. मी शेंगा सोलता सोलता एकदम ओरडायची, "जीप आली वो, जीप!" की पानठेल्यावर उभा असलेला साळा तोंडातलं पान टाकून गाडीत कोसळायचा. सगळा ठेला हसायचा. रोज ओरडलं तर गंमत जाते, म्हणून मी बेतानं ओरडायची. पण हसून झालं तरी माझी गाडी ढेप वाहत होती. बाबांना म्हटलं तर ते इकडेतिकडे बघून म्हणायचे, "चूप बस. सरपंचाशी वाकडं घेऊन गावात राहता येते काय?"

पोळा जवळ आला. आमच्याकडे पोळ्याला बैल सजवून आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मैदानात, तोरणाखाली उभे करतात. मानाची जोडी सरपंचांची. तिचा दोर त्यांच्याच घरच्या माणसाने धरायचा आणि तोरण तुटलं की तीच आधी धावायची. सरपंच स्वतः बैलाच्या जवळ जायला भीत, त्यामुळे दोर वर्षानुवर्षं साळ्याकडे. त्यानं ती जोडी गोऱ्हे असल्यापासून पोसली होती. बायकोवर नसेल एवढा त्याचा जीव त्या बैलांवर होता, हे त्याची बायकोच विहिरीवर सांगायची.

तोरण तुटण्याआधी झडत्या होतात. कुणीही पुढे यावं आणि यमक जुळवून गावातल्या कुणाचीही टर उडवावी. झडतीत म्हटलेलं कुणी मनावर घ्यायचं नाही, असा दंडकच आहे. मी एक झडती जुळवली आणि माझ्या काकाला पाठ करायला लावली. काकाला सरपंच आवडत नसत आणि स्वतःचा आवाज फार आवडायचा.

दुसरं काम मी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे केलं. पोळ्याची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असायची. त्यांना आम्ही सगळे आबाजी म्हणायचो. मायच्या कमरेवर बसून मी त्यांना म्हटलं, "आबाजी, साळ्याचा पाय सरकारनं लंगडा ठरवला. बैलानं ओढलं तं पडन ना बिचारा."

आबाजींनी हसू दाबलं, तरी त्यांच्या मिशा हलत होत्या. मग चारचौघांना घेऊन ते सरपंचांच्या घरी गेले आणि तोंड एवढंसं करून साळ्याला म्हणाले, "बापू, तुह्या पायाची आमाले लय काळजी लागली. यंदा दोर दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ."

"बैल माहे हायेत," साळा उसळला. "दोर मीच धरीन."

"मंग गाडीत बसून धर," आबाजी म्हणाले. "लंगड्या माणसानं उभं राहू नाही."

यात नाही म्हणायला जागाच नव्हती. उभा राहिला तर गाडी जाणार, दोर सोडला तर मान जाणार. माणूस दोन्ही धरून बसला.

पोळ्याच्या दिवशी सबंध गाव आखरावर लोटलं. शिंगांना बेगड लावलेली, झुली घातलेली जोडी तोरणाखाली उभी, आणि शेजारी नवा फेटा बांधून, मांडीवर दोर घेऊन, साळा गाडीत. असा पोळा आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिला नसेल. बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. माय मला घेऊन कडेला उभी होती. काका पुढे आला, खाकरला आणि सुरू झाला:

"तीन चाकाची गाडी, सरकारनं दिली,
सांडावानी गड्यानं, आपली करून नेली!
जीप येते तवा, गड्याचा पाय दुखते,
जीप जाते तवा, नाल्यावरून उडी घेते!
हर बोला, हर हर महादेव!"

गावानं असा काही महादेवाचा गजर केला की बैल बिचकले. तोरण तुटलं आणि जोडी सुटली. दोराला हिसका बसला, गाडीचं एक चाक वर उठलं, आणि साळ्याच्या डोळ्यांसमोर त्याचे बैल एकटेच निघाले. ते काही त्याला सहन झालं नाही. त्यानं गाडीतून उडी मारली आणि फेटा सुटेपर्यंत धावला. काय धावला! दोन्ही पाय असे पडत होते की मला हेवा वाटला. तरी माझ्या जिभेला राहवेना. मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "जीप आली वो, जीप!"

आणि बैलांच्या बरोबरीनं धावता धावता साळा लंगडू लागला.

लोक हसून हसून जमिनीवर बसले. गाडी आखराच्या मधोमध रिकामी उभी होती. मी मायच्या कानात म्हटलं, "माय, मले तिच्यात बसव."

मायनं एकदा सरपंचांकडे बघितलं, एकदा बाबांकडे. मग सगळ्यांच्या देखत आखर ओलांडून गेली आणि मला गाडीत बसवलं. मी दोन्ही हातांनी दांडा धरला. सरपंच ताडताड आले, पण आबाजी आधीच आडवे उभे होते. हात जोडून म्हणाले, "महादेवाची किरपा! साळ्याचा पाय बरा झाला. आता त्याले गाडी कायले?"

सरपंचांनी भोवतालच्या तोंडांकडे पाहिलं. चोरी कबूल करण्यापेक्षा चमत्कार कबूल करणं त्यांना सोपं गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मारुतीला नारळ फोडला आणि प्रसाद वाटला. खोबरं मीही खाल्लं. आबाजींनी त्याच प्रसादावर सगळ्यांकडून वदवून घेतलं, की यापुढे आंधळ्या-पांगळ्यांसाठी जे येईल ते आखरावरच, गावासमोर वाटायचं. पुढच्या हिवाळ्यात कांबळी आली ती तशीच वाटली गेली. साळा लांब उभा राहून बघत होता, दोन्ही पायांवर.

मास्तरांनी शब्द टाकून मला बाभुळगावच्या शाळेत घातलं. पहिल्या दिवशी मी दांडा फिरवत गावाबाहेर पडले. दंड भरून आले होते, पण थांबायची नव्हते. मागे वळून बघितलं तर माय येत होती.

"तू काहून येऊन राह्यली?" मी चिडून म्हटलं. "आता उचलाचं काम नाही."

"मालूम हाये," माय म्हणाली. तिचा हात अजून कमरेवरच होता, मला धरायचा तसा. "सवय मोडत नाही पोरी. तू चाल."

मी चालले. शाळेच्या फाटकापर्यंत ती मागून येत राहिली, आणि मी तिला परत जा म्हटलं नाही.