पोटातलं अवधाण

“हात लावला का पोटाला?” आमचे सर्जन वॉर्डात शिरले की पहिला प्रश्न हाच, तोही ओरडून. शिकाऊ डॉक्टर चाचरला, की स्वतःच्याच ढेरीवर बोट फिरवत शिकवणी सुरू. “हे जठर. त्याच्या या वळणावर गाठी, स्वादुपिंडाच्या कडेनं गाठी, मागं मोठ्या धमनीपाशी गाठी. कुठली सुजली ते बघ, म्हणजे आग कुठं लागली ते कळंल!” आम्ही नर्सेस हसू दाबायचो.

सत्तरच्या दशकातलं परभणी. येलदरीकडून एक तरुण बाई आणली. अंगावर नुसती कातडी, आणि दुखणं जावं म्हणून बेंबीच्या वर तापल्या विळ्यानं दिलेले डाग. कुणी डॉक्टर पोटात हाताला गोळा लागला म्हणून कॅन्सर सांगून मोकळा झाला होता. नवरा दाराबाहेर पान चघळत उभा.

सासरा म्हणाला, “मरंपर्यंत दुखू नये एवढं बघा, साहेब. पोराची दुसरी सोयरीक बघायलोत आमी.”

“जित्या बाईसमोर बोलायला लाज न्हाई वाटत?” आमचे सर्जन कडाडले. रागावले की त्यांची पुस्तकी भाषा गळून पडायची. “पायाला काटा रुतला की जांघेत गाठ सुजून अवधाण येतं ना? तसंच हिच्या पोटात आलंय. कशानं, ते गाठ काढल्याबिगर देवालाबी सांगता यायचं न्हाई!”

पोट उघडलं. जठरामागं गाठींचा घोस, एकमेकींना चिकटलेला. एक गाठ कापली तर आतून चक्क्यासारखं पांढरं निघालं.

“क्षय! कॅन्सर न्हाई, क्षय! बरी होणार ही!” मास्कच्या आतून ते आमच्यावरच खेकसले. आनंदही रागातच होणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, हे त्यांतले.

तपासणीत क्षयच निघाला. सुया, गोळ्या, कित्येक महिने. सासरचं कुणी फिरकलं नाही. ती बरी झाल्यावर तिला सासरी पोचवायला डॉक्टरांनी जीप काढली, मलाही सोबत घेतलं. दारात नवी सून उभी होती.

सासरा पुटपुटला, “आमाला वाटलं, मेली.”

डॉक्टरांनी त्याची गचांडी धरली. ती बाई मात्र सरळ आत गेली, माहेरचा पितळी हंडा काखेत घेऊन बाहेर आली. “जित्ती हाय मी,” म्हणाली, आणि जीपमध्ये बसली.

त्या गचांडीपायी तक्रार झाली, डॉक्टरांची बदली झाली. पुन्हा भेट नाही. पण त्या दिवशी परतताना त्यांनी माळावर जीप थांबवली, खाली उतरले आणि चाकाला लाथा घालत राहिले.

बाईनं आतून हाक मारली, “पुरं करा की, साहेब. मला लय भूक लागायलीय.”