रिसोडची शृंगारनायिका

पुंडलिकरावांनी आम्हाला चहा दिला आणि सांगितलं, की कॅमेरा घरात आला तर मी मागच्या दारानं वांग्याच्या वावरात जाऊन बसेन.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशिम, रिसोड हे सगळं तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. शृंगारिक चित्रकथांच्या इतिहासावर आमची डॉक्युमेंटरी चालू होती आणि मी तिचा साउंड रेकॉर्डिस्ट होतो, म्हणजे पडद्यावर जे ऐकू येतं ते गोळा करणारा. या चोपड्या एकेकाळी पानठेल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून मिळत. काढणारे चित्रकार खोट्या नावानं सही करत. बहुतेक वारले होते, उरलेले कानावर हात ठेवत होते. ‘भ्रमर’ या सहीचा माणूस मात्र जिवंत सापडला, तेच हे पुंडलिकराव. रिसोडजवळ ते भाजीपाला पिकवायचे आणि अधूनमधून दुकानांच्या पाट्या रंगवायचे.

आमचे डायरेक्टर नाडकर्णी साहेब घायकुतीला आले होते. एकही चित्रकार स्वतः बोलला नाही, तर निर्माता ही फिल्म डब्यात टाकणार होता.

पुंडलिकरावांचीही अडचण खरी होती. धाकट्या लेकीची सोयरीक किन्हीराजा गावात जमत आली होती. थोरला जावई रिठदला शाळेत मास्तर.

साहेबांनी पाठमोरा शॉट घेण्याचं सुचवलं.

“माही पाठ सारं रिसोड ओळखते,” पुंडलिकराव म्हणाले.

शेवटी मी म्हणालो, कॅमेरा जीपमध्येच राहू दे. नुसता आवाज घेऊ. पडद्यावर चोपड्यांची पानं दाखवू, मागून यांचं बोलणं. नाव ‘भ्रमर’ एवढंच. यावर ते तयार झाले.

शेजारच्या मळ्यातलं इंजिन विनंती करून बंद करवलं. माइक लावला. आणि पुंडलिकराव एकदम पुस्तकी मराठीत बोलायला लागले. कलेची उपासना, सौंदर्याची साधना. साहेबांनी पुन्हापुन्हा विचारलं, की या बायका तुम्ही कशा काढायचात, समोर कोणी असायचं का? उत्तर एकच, सर्व कल्पनेतून. शाळेच्या गॅदरिंगमधलं भाषण वाटत होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. गेलं काम.

निघण्याआधी मी रूम टोन मागितला. रूम टोन म्हणजे खोलीची शांतता. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. ती टेपवर असली की एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधली फट भरता येते. सगळ्यांना गप्प बसायला सांगून मी टेप चालू ठेवला.

आत मेथी निवडत बसलेल्या वेणूबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाटलं की बोलणं संपलं.

“याहिले इचारा,” आतून आवाज आला, “का त्या समद्या बायाचं नाक एकसारखं काहून हाय.”

पुंडलिकराव खाली बघायला लागले. साहेबांनी समोरची चोपडी उघडली. राणी, माळीण, अप्सरा. सगळ्यांचं नाक बसकं, शेंड्याला जरा वर वळलेलं. तेवढ्यात वेणूबाई दारात आल्या आणि आम्हाला कुणालाच काही विचारायची गरज उरली नाही.

मी हात वर करून सांगितलं, की बाई, टेप चालू आहे, बंद करू का?

त्यांनी मशीनकडे नीट पाहिलं. “नाक दिसत नाई ना त्यात? मंग राहू द्या चालू.”

आणि त्या खाली बसून बोलायला लागल्या. भाकरी थापताना हे म्हणायचे, मान जराशी वळव. हातात मेथीची जुडी देऊन उभं करायचे आणि चित्रात तिथं कमळ काढायचे. कंबर तेवढी मनानंच बारीक करत, हे सांगताना त्या हसत होत्या. छापखानेवाला सारखा म्हणायचा, नाकं बदला, गिऱ्हाइकाला एकच बाई दिसते.

साहेबांनी हळूच विचारलं, “मग बदलली का नाहीत?”

पुंडलिकरावांची पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली. “दुसरी बाई कधी इतकी निरखून पाह्यलीच नाई, साहेब. काढू कशी?”

वेणूबाई उठून आत गेल्या. जरा वेळानं आणखी एकदा चहा आला.

फिल्म पूर्ण झाली. सेन्सॉरच्या तपासणी समितीनं चित्रं बरीच कापली. आवाजाला मात्र हात लावला नाही, कारण आक्षेप घ्यावा असं त्यात कुणाला काही सापडेना. किन्हीराजाची सोयरीकही जमली.

तेव्हापासून रूम टोन घेताना मी मशीन लवकर बंद करत नाही. त्यात पुष्कळ टेप फुकट जातो. प्रोड्यूसर कुरकुरतात, त्यांना कुरकुरू द्यावं.