विहिरीतला खंड्या

पन्नाशी उलटल्यावर मी पोहायला शिकले. शिकले म्हणजे काय, तेच सांगते.

वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणीचं काम करते. हातातला भाग तपासत असतानाच पुढच्याची चिंता लागलेली असते. त्या दिवसांत मी चीनमधल्या ताओ विचाराविषयी वाचत होते. पाण्यासारखं व्हावं, ओढाताण न करता आहे त्या क्षणात असावं, असं त्यात होतं. सगळं पटायचं, पण पान संपेपर्यंत मन उद्याच्या शिफ्टला पोचलेलं असायचं.

दिवाळीच्या सुट्टीत सोयगावला मोठ्या बहिणीकडं गेले. शेतातली विहीर चांगली भरली होती. ताई लहानपणापासून पोहणारी, मी कायम काठावर. दुपारी ती म्हणाली, "चल, आज तुला तरंगायला शिकवते."

शेवटच्या पायरीवर उभं राहून तिनं मला पाण्यावर उताणं झोपवलं आणि पाठीखाली हात धरला. मी मान ताठच धरली. तिनं हात जरा सैल केला की मी बुडायचे आणि नाकातोंडात पाणी घेऊन तिच्या गळ्यात पडायचे.

"लई जोर लावती तू," ताई म्हणाली. "काहीच करायचं नाय इथं."

"काहीच न करणं कसं करायचं?"

ती हसली आणि मला पुन्हा आडवं केलं.

तेवढ्यात समोरच्या दगडांच्या फटीतून एक खंड्या निघाला. इतका निळा, की मी बघतच राहिले. त्यानं माझ्या पायांपलीकडं सूर मारला, चोचीत काहीतरी चमकलं, आणि तो वरच्या गोल आभाळात दिसेनासा झाला. मागं उरलेली वलयं माझ्या खांद्यापर्यंत येऊन विरत होती. कानांत छातीची संथ धडधड. आणखी काही नव्हतं, आणि काही हवंही नव्हतं. विहीर, आभाळ, मी, सगळं एकच पाणी झाल्यासारखं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. नजर वळवली तर ताई हातभर लांब उभी राहून वर बघत होती. मी दचकले आणि बुडाले. तिनं दंडाला धरून वर ओढलं.

"हात कधी काढलास?" मी खोकत विचारलं.

"ध्यानात नाय बाई. मी बी त्या पाखराकडंच बघत होते."

अजूनही कधी तरंगते, कधी ठरवून आडवी होते आणि सरळ खाली जाते. त्या दिवशी ओले कपडे अंगावरच वाळेपर्यंत आम्ही दोघी काठावर बसलो. समोर कापसाची बोंडं उकलली होती. सकाळपासून मी त्यांच्याच बाजूनं ये-जा करत होते, आणि ती मला आत्ता दिसत होती.