वन्संच्या नावाची पाटी

आमच्या वन्संच्या नाकावर कधी माशी बसली नाही. माशीचीच हिंमत झाली नसेल, असं मी तोंडावर म्हणायचे. त्या म्हणायच्या, "वहिनी, जीभ तुमच्या मशीनवर चालवा, दोन शर्ट जास्त शिवून होतील." चाळीस वर्षांचा संसार आम्ही दोघींनी असाच भांडत केला. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, मधल्यामध्ये पेपर वाचत बसायचा.

वन्संनी लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर सांगायच्या, "घरात वहिनी आहे तेवढी कटकट पुरे." त्या वीज कंपनीत ऑपरेटर होत्या. शहराच्या टोकाला तारेच्या कुंपणात एक उपकेंद्र, त्यात एक लांबट खोली, भिंतीवर ओळीने हँडलं. एक हँडल म्हणजे एक लाइन. खाली ओढलं की बंद, वर केलं की चालू. त्या खोलीत वन्संचं राज्य होतं. लाइनमन लोक पाठीमागे त्यांना 'फ्यूज' म्हणायचे, कारण कधी उडतील याचा नेम नाही. हे नाव वन्संना ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. मला विचाराल तर ते नाव अगदी योग्य होतं.

त्या खोलीत एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रत्येक लाइनमनची स्वतःची एक पत्र्याची पाटी असे. लाल रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरात त्याचं नाव. खांबावर चढण्याआधी त्याने स्वतः यायचं, वन्संकडून लाइन बंद करून घ्यायची आणि त्या हँडलला आपली पाटी अडकवायची. काम झालं की त्यानेच येऊन ती काढायची. दुसऱ्या कोणी हातही लावायचा नाही. पाटी आहे तोवर हँडल वर जायचं नाही, मग शहर बोंबलत का राहीना.

एकदा एका बड्या साहेबाच्या घरची वीज गेलेली. घरात पाहुणे, साहेबाचा जीव वरखाली. स्वतः गाडी घेऊन उपकेंद्रात हजर. "मी सांगतोय ना, चालू करा!"

वन्सं जागच्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "पाटीवर तुमचं नाव आहे का, साहेब? नाही ना? मग बसा. चहा सांगते."

पाटी लंबूची होती. लंबू म्हणजे वन्संच्याच कंपनीचा लाइनमन, ताडमाड उंच, हसरा, वन्संना ताई म्हणणारा. तो सावकाश खांबावरून उतरला, सावकाश सायकलवर आला, साहेबाला सलाम केला, पाटी काढली. तोवर साहेबाचे दोन चहा झाले होते. ही गोष्ट वन्सं घरी येऊन सांगायच्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

मग ते विलीनीकरण आलं. सरकारच्या दोन वीज कंपन्या होत्या, एक शहराची, एक आसपासच्या गावांची. मंत्र्यांनी जाहीर केलं की दोन्हींची एक करणार. निवडणूक तोंडावर होती. बॅनर लागले, फीत कापली, मंत्र्यांनी दोन्ही कंपन्यांच्या प्रमुखांचे हात धरून उंच केले, फोटो निघाले. वन्सं म्हणाल्या, "एक व्हायला माझी ना नाही. पण घरात नवं माणूस आलं तरी चार दिवस लागतात एकमेकांचं कळायला. इथे एवढी कसली घाई लागलीय यांना?"

गावांकडच्या कंपनीत पाट्या नव्हत्या. तिथे अंतरं लांब, म्हणून सगळं फोनवर चालायचं. पण फोन घेणारा एक जुना माणूस होता, तो प्रत्येकाला नुसत्या खोकण्यावरून ओळखायचा. विलीनीकरणात त्याची बदली झाली. मध्यवर्ती कंट्रोल रूम नावाची नवी खोली उघडली, काचेच्या भिंती, गार हवा, आणि आत बसलेली माणसं कोणालाच ओळखत नसलेली. हुकूम निघाला: पाट्या जुनाट, त्या बंद. यापुढे सगळ्यांनी फोनवर सांगायचं.

वन्सं मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. "हे कोणी ठरवलं?"

"वरून आलंय."

"वरून म्हणजे कोणी?"

"अहो बाई, वरून म्हणजे वरून!"

घरी येऊन त्यांनी हा संवाद मला इतक्यांदा ऐकवला की मला तो पाठ झाला. पाट्या भंगारात द्यायचं ठरलं होतं, तर ही बाई सगळ्या पोत्यात भरून घरी घेऊन आली. पोतं ठेवलं माझ्या शिलाईच्या खोलीत. मी कपाळाला हात लावला. "वन्सं, हे दुकान आहे का भंगारवाल्याचं गोदाम?" पण माझ्या मशीनचा एक पाय डगडगत होता. पोत्यातून वरची पाटी काढून मी त्याखाली सारली, मशीन गप्प झालं. ती पाटी लंबूची होती, हे मी तेव्हा वाचलंसुद्धा नाही.

एका दुपारी वन्सं वेळेआधी घरी आल्या. चप्पल काढली नाही. माझ्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, मी लंबूला मारलं."

मी मशीन थांबवलं. झालं असं, की लंबूने नियमाप्रमाणे कंट्रोल रूमला फोन करून सांगितलं होतं आणि तो खांबावर चढला होता. त्याच लाइनवर दुसऱ्या टोकाला गावांकडच्या कंपनीची माणसं होती. फोन घेणारा जेवायला गेला, त्याच्या जागी दुसरा बसला. गाववाले उतरल्याचा फोन आला, आणि त्याला वाटलं, सगळेच उतरले. त्याने वन्संना सांगितलं, लाइन मोकळी आहे. वन्संनी विचारलं, "सगळे खाली आले?" तो म्हणाला, "आले." हँडलला पाटी नव्हती. वन्संनी ते वर केलं.

लंबू शॉक लागून खांबावरून पडला, तरी वाचला, देवाची कृपा. पण उजव्या हाताची बोटं गेली. लाइनमनचा उजवा हात गेल्यावर उरलं काय?

तो हॉस्पिटलात होता तोवर वन्सं रोज डबा घेऊन जायच्या. लंबूची बायको बाहेरच्या बाकावर बसलेली असायची. ती वन्संच्या खांद्यावर डोकं टेकून रडायची. "ताई, ज्या मेल्याने ती लाइन चालू केली ना, त्याचे हात झडोत." आणि वन्सं तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायच्या. एकदा मी सोबत होते. मला ते बघवेना, मी उठून नळावर पाणी प्यायला गेले. लंबूला सगळं ठाऊक होतं. त्या वेळी ड्यूटी कोणाची असते, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. पण तो बायकोपाशी चकार शब्द बोलला नाही.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. मंत्री म्हणाले, ही तांत्रिक बाब, कंपनीला विचारा. कंपनीचे मोठे साहेब म्हणाले, हे सरकारचं धोरण. शहरवाले म्हणाले गाववाले, गाववाले म्हणाले शहरवाले. सगळ्यांनी हात झटकले आणि शेवटी खापर फुटलं कोणावर? लंबूवर! चौकशीचा निष्कर्ष निघाला की लाइनमनने हलगर्जी केली. म्हणजे बोटं गेली ती गेलीच, आता नोकरी आणि भरपाईही जाणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शिवणारी बाई, पण त्या दिवशी कोणाचे तरी कपडे फाडावेसे वाटले.

एक अधिकारी आमच्या घरी येऊन गेला. गोड बोलला. "बाई, तुमचं नाव आम्ही कुठेही येऊ दिलेलं नाही. तुम्ही फक्त शांत राहा. नव्या कंपनीत मुख्य ऑपरेटरची जागा तुमचीच आहे."

तो गेल्यावर मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही बोललात तरी त्याची बोटं काही परत येणार नाहीत. तुमची नोकरी मात्र जाईल."

"आणि त्याची गेली तर चालेल?"

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच म्हटलं तुम्ही." एवढंच बोलून त्या आत गेल्या. पुढे कित्येक दिवस आम्ही भांडलोसुद्धा नाही, एवढं घर बिघडलं होतं.

निवडून आलेल्या सदस्यांची एक समिती या प्रकरणाची जाहीर सुनावणी घ्यायला शहरात आली. टाउन हॉल खचाखच भरला. समितीच्या अध्यक्ष एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, त्यांनी मंत्र्यांनाही बोलावलं होतं. पुढच्या रांगेत लंबू, हात गळ्यात बांधलेला, शेजारी त्याची बायको. सकाळी निघताना वन्सं माझ्या मशीनपाशी वाकल्या आणि पायाखालची पाटी ओढून काढली. पदराने पुसली. तेव्हा मी तिच्यावरचं नाव वाचलं.

मंत्री छान बोलले. यंत्रणेत काही त्रुटी राहिल्या, बदलाच्या काळात असं होतं, अत्यंत खेदजनक वगैरे. ऐकताना वाटलं, कोणी काही केलंच नव्हतं, आभाळातून पडलं सगळं. अध्यक्षबाईंनी विचारलं, आणखी कोणाला काही सांगायचं आहे का?

वन्सं उठल्या.

"ते हँडल मी वर केलं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, खणखणीत. "लंबू खांबावर असताना मी लाइन चालू केली. मला कोणी काय सांगितलं ते नंतर. हात माझा होता. माझं नाव लिहून घ्या."

लंबूच्या बायकोने मान वळवली. तिचा तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. वन्संनी तो बघितला, आणि बघूनही पुढे बोलल्या.

"ही लंबूची पाटी. ही हँडलला असती तर माझ्या बापाच्यानेही लाइन चालू झाली नसती. ती काढून टाकायची असं कोणीतरी ठरवलं. मी माझं नाव सांगितलं. आता त्यांनी सांगावं."

मंत्री हसले. "बाई, राज्यकारभार असा पाट्यांवर चालत नसतो."

"म्हणूनच माणसं खांबावरून पडतात, साहेब."

कोणीतरी टाळी वाजवली, अध्यक्षबाईंनी हात वर करून गप्प केलं. त्या मोठ्या साहेबांकडे वळल्या. "कोणी ठरवलं?" मोठे साहेब आधी पाणी प्यायले. मग मंत्र्यांकडे न बघता म्हणाले, "आम्ही सहा महिने मागितले होते. दोन्हींकडच्या पद्धती जुळवायला. आम्हाला सांगण्यात आलं, निवडणुकीआधी एकच कंपनी दिसली पाहिजे, बाकीचं नंतर बघू."

"कोणी सांगितलं?"

साहेबांनी पुन्हा पाण्याचा ग्लास उचलला. अध्यक्षबाईंनी मंत्र्यांना तोच प्रश्न विचारला. ते धोरणावर बोलले. पुन्हा विचारला. ते मागच्या सरकारवर बोलले. तिसऱ्यांदा विचारला तेव्हा सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता, लंबूसुद्धा. वन्सं अजून उभ्याच होत्या, पाटी छातीशी धरून.

"मी," मंत्री म्हणाले. "निर्णय माझा होता."

एवढा एक शब्द काढायला किती महिने लागले बघा! माझा ऊर असा भरून आला की शेजारच्या अनोळखी बाईला मी कोपराने ढोसून सांगितलं, "ती माझी नणंद आहे हो. सख्खी." तोवर ती वन्सं होती, कटकट होती. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझी होती.

मंत्र्यांचं खातं गेलं. लंबूवरचा ठपका पुसला, भरपाई मिळाली आणि भांडारात बसून करायचं काम मिळालं. पाट्या परत आल्या, गावांकडच्या लाइनवरसुद्धा, आणि त्या हुकुमाखाली या वेळी सही करणाऱ्याचं नाव होतं. वन्संना शिक्षा झाली. आधी घरी बसवलं, मग हँडलांच्या खोलीतून काढून तक्रारीच्या खिडकीवर पाठवलं. मुख्य ऑपरेटरची जागा दुसऱ्याला. त्यांनी सगळं मुकाट्याने घेतलं. मुकाट्याने म्हणजे वन्संच्या मानाने.

पण एक गोष्ट त्यांना खात होती. लंबूची बायको बोलायची बंद झाली. रस्त्यात दिसली तर पलीकडे जायची. वन्सं म्हणायच्या, "तिचं बरोबरच आहे," आणि ताटावरून अर्धवट उठायच्या. मी कधी नव्हे ते त्यांच्या आवडीचं करून घालायचे, तरी.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी ती आमच्या दारात उभी राहिली. हातात लंबूचे शर्ट. म्हणाली, "एका हाताने बटणं लावता येत नाहीत त्यांना. काही करता येईल का?" मी शर्ट घेतले, बटणांऐवजी वेल्क्रोची पट्टी लावून देते म्हटलं. वन्सं आतल्या दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. ती त्यांच्याकडे बघेना.

मग तिने पिशवीतून एक पाटी काढली. नवा पत्रा, लाल रंग. पांढरी अक्षरं वेडीवाकडी, एक वर एक खाली. वन्संचं नाव.

"ह्यांनी डाव्या हाताने रंगवलीय," ती म्हणाली. "मी नको म्हणत होते."

आमच्या दाराच्या चौकटीला एक खिळा आहे, मी त्यावर दुकानाची किल्ली लटकवते. तिने किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि तिथे पाटी अडकवली. जरा मागे सरून बघितली, सरळ केली.

"ज्याने लावली त्यानेच काढायची ना, ताई?" ती म्हणाली. "मग राहू दे. मी काही काढायची नाही."