आज नको, उद्या बघू

हरिहरकाकांना पोहता येत नव्हतं आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. डोंबिवलीतल्या मुलामुलींना खाडीत पोहायला नेणारं मंडळ त्यांनी काढलं, तेव्हा माझे वडील म्हणाले, "स्वतः काठावर उभे राहणार आणि दुसऱ्यांच्या पोरांना पाण्यात ढकलणार!" काका शांतपणे म्हणाले, "ज्याला पोहता येतं तो पाण्याला भीत नाही. मंडळात एक तरी भिणारा माणूस हवा." वडिलांनी त्याच दिवशी माझं नाव मंडळात घातलं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. काका शाळेत गणित शिकवत, आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात राहत. त्यांची एकुलती एक मुलगी चित्रा माझी जिवाची मैत्रीण. एका वाडीतल्या मोठ्या विहिरीत विश्राम नावाचा कॉलेजातला धट्टाकट्टा मुलगा आम्हाला पोहायला शिकवी. आम्ही मुली भावांचे जुने सदरे आणि चोळणे घालून उतरायचो. काका काठावर छत्री घेऊन उभे. ऊन नसलं तरी छत्री, कारण कोणी दमलं तर तिची मूठ पुढे करता येते.

पपईच्या देठाची कल्पना मात्र काकांचीच. पोकळ देठाचं एक टोक तोंडात, एक पाण्याबाहेर, आणि तोंड पाण्यात घालून नुसतं तरंगत राहायचं. "हात मारायला कोणीही शिकेल," ते म्हणत, "पाण्यात स्वस्थ राहायला शिका. घाबरलेला माणूस बुडतो, दमलेला बुडत नाही." हे ज्ञान त्यांना कुठून मिळालं देव जाणे. पण माझ्यासारखी तापट पोरगी त्या देठातून श्वास घ्यायला लागली की गाईसारखी गरीब व्हायची, हे खरं.

विहीर झाली की खाडी. खाडीचे नियम चार. वारा नको. काळुराम नावाड्याची होडी सोबत हवी. प्रत्येकाला जोडी हवी आणि शिट्टी वाजली की जोडीनं हात धरून वर करायचा. चौथा नियम भरतीचा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ निघते. त्यात आमच्या खाडीसाठी तास-सव्वा तास घालायचा. पाणी चढून क्षणभर थबकतं तेवढ्यातच पलीकडे जायचं, तिथल्या कातळावर उथळ पाण्यात देठ लावून शिंपले-खेकडे बघायचे आणि ओहोटीनं ओढ धरायच्या आत परत. अष्टमीला पाणी मवाळ असतं, पण भरती सकाळी फार लवकर. पौर्णिमेला उधाण. म्हणून काकांची आवडती तिथी द्वादशी. सकाळचा चांगला उजेड आणि पाणीही फार माजलेलं नाही.

यातलं एक जरी चुकलं तरी काका छत्री मिटत आणि म्हणत, "आज नको, उद्या बघू." दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. काकांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी ते ताक, पाणी, पन्हं सगळंच फुंकून पीत. पोरं त्यांना मागून 'उद्याकाका' म्हणत. मीही म्हणायची, आणि चित्रासमोर म्हणायची.

मुलगे दोनदा पलीकडे जाऊन आले. आमच्या खेपेला दरवेळी कुठे तरी माशी शिंकायची. एका वर्षी वारा सुटला, पुढच्या वर्षी होडीला गळती लागली, त्याच्या पुढच्या वर्षी काकांना पाण्याचा रंग आवडला नाही. रंग! चित्रा एका शब्दानं कुरकुरली नाही. ती माझ्यापेक्षा सरस पोहायची, आणि तिनं मनाशी एकच गाठ बांधली होती. एकदा पलीकडे जायचं.

मग तिचं लग्न ठरलं. स्थळ नागपूरचं. नवरा डॉक्टर, माणसं चांगली, पण तिकडे खाडी कुठली आणि सुनेला पोहायला सोडणार कोण? लग्न वैशाखात. काकांनी पंचांग काढलं. लग्नाच्या दोन दिवस आधी द्वादशी येत होती. "चित्रा," ते म्हणाले, "तुला पलीकडे पोचवल्याशिवाय सासरी पाठवणार नाही." काकांनी शब्द दिलेला मी तेवढाच ऐकला. कलावतीकाकू स्वयंपाकघरातून कडाडल्या, "मुलगी काळवंडली तर सासरच्यांना काय सांगू?" पण थांबवलं नाही.

काळुराम दिवा गावाकडचा. भरतीच्या पाण्याबरोबर होडी वर आणायचा, ओहोटीबरोबर परत न्यायचा. काका स्वतः जाऊन त्याला सांगून आले, "एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, भरतीला, मोठागावच्या काठावर." काळुराम म्हणाला, "एकादस सोडली का निघतोच, मास्तर."

त्या सकाळी आम्ही सगळे काठावर हजर. वारा नव्हता. पाणी चढत चढत काकांनी रोवलेल्या काठीच्या खुणेपर्यंत आलं. चित्रा आणि मी हातात हात घालून घोट्याभर पाण्यात उभ्या. होडीचा मात्र पत्ता नाही. विश्राम म्हणाला, "काका, मी आहे ना बाजूला. मी एकटा दोघींना आणीन." एक रेतीची होडी जवळून चालली होती, तिला हाक मारू या म्हणून मुलं ओरडायला लागली. काकांनी मान हलवली. रेतीनं भरलेली होडी, अनोळखी माणूस, नको. पाणी थबकलं. आरशासारखं झालं. त्याहून चांगलं पाणी मी पुढे आयुष्यात पाहिलं नाही.

"बाबा," चित्रा म्हणाली. एवढंच.

काकांनी छत्री मिटली. "आज नको," ते म्हणाले, आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी हळद होती. हळदीच्या दिवशी नवरी घराबाहेर पडत नाही. मिटलेली छत्री धरून ते तसेच उभे राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्याकडे बघवेना, आणि त्यांच्याकडे पाहिल्यावर इतकं वाईट वाटलं की रागावता येईना. चित्रानं वाकून त्यांची काठी चिखलातून उपटली, धुतली आणि चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी दारात मांडव, घरात पाहुणे. ग्रहमखाचा होम पहाटेच उरकला होता. मी चित्राच्या हातावर मेंदी काढायला बसणार, एवढ्यात मांडवात काळुराम उभा. गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर पंचा, चेहऱ्यावर काळजी.

"मास्तर, पोरां कुठं हायती? मी कवाचा काठाला होरी लावून बसलोय. कोन नाय!"

"काल कुठे होतास रे?" काका जवळजवळ ओरडलेच.

"काल? काल एकादस व्हती ना. उपास व्हता. आज बारस. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बोललेव ना तुमी?"

काका आतून पंचांग घेऊन आले. पंचांगात दोन एकादश्या होत्या. एक स्मार्त, ती काकांच्या घरची. दुसऱ्या दिवशी भागवत, ती माळकऱ्यांची. दोघांनी आपापली एकादशी धरली होती. दोघेही शब्दाला पक्के, आणि दोघांच्या पक्केपणात आमच्या चित्राची खाडी राहून गेली.

चित्रा आतल्या दारात आली होती. काका तिच्याकडे बघेनात. मग कलावतीकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"वारा आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाय, वैनी."

"होडी गळत नाही ना?"

"कोरडी ठणठणीत हाय."

काकू काकांकडे वळल्या. "आणि तुमची भरती?"

"आज त्रयोदशी," काका पुटपुटले, "अकराच्या सुमाराला... पण कलावती, आज हळद आहे."

"उष्टी हळद नागपूरकर आणणार ना? त्यांची गाडी दुपारी यायची आहे. नवऱ्या मुलाची हळद या दारात येईपर्यंत ती माझी मुलगी आहे." मग चित्राकडे आणि माझ्याकडे बघताना त्यांचा आवाज थोडा बसला. "जोडीला वासंतीला ने. आणि डोक्याला फडकं बांध गं, काळी होशील."

काकांनी बिचाऱ्यांनी चारही नियम तपासून पाहिले, पण एकातही खोट सापडेना.

मग आम्ही पोहलो. चित्रा पुढे, मी तिच्या खांद्याशी, बाजूनं होडी, होडीत काका शिट्टी दातात धरून. शिट्टी त्यांनी वाजवली नाही. मध्यावर पाणी गार लागलं. चित्रा हसत होती, तोंडात पाणी जात होतं तरी हसत होती. कातळाला हात लागला तेव्हा तिनं दोन्ही हात वर केले आणि मग माझ्या गळ्यात पडून रडली.

काका होडीतून उतरले. गुडघाभर पाणी, धोतर भिजलेलं. चित्रानं कनवटीचा पपईचा देठ काढला. "बाबा, या. तोंड घाला पाण्यात."

"मी? छे गं!"

"मी धरते. स्वस्थ राहायचं फक्त."

तिनं त्यांचा चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि त्यांच्या पोटाखाली हात घातला, लहान मुलाला धरतात तसं. काकांनी डोळे गच्च मिटले, तोंड पाण्यात घातलं, आणि हळूहळू त्यांचं अंग सैल होत गेलं. आम्हाला इतकी वर्षं जे शिकवलं ते त्या भिणाऱ्या माणसानं पहिल्यांदाच स्वतः करून पाहिलं. कातळावर त्या दिवशी पाणी निवळ होतं. खेकडा चालला असेल, इवले मासे असतील. काय पाहिलं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. देठातून त्यांचा श्वास मात्र मला ऐकू येत होता, संथ.

"मास्तर!" काळुराम ओरडला. "पानी फिरतंय. चला आता!"

काकांनी तोंड वर काढलं. चष्मा नसलेला, ओला, कोणा पोराचा असावा तसा चेहरा. "थांब रे," ते म्हणाले, "अजून थोडं. एकदाच."

चित्रानं त्यांच्या कपाळावरचं पाणी तळहातानं निपटलं. देठ त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आज नको, बाबा," ती म्हणाली. "उद्या बघू."

काकांनी मान डोलावली आणि तिचा हात धरून ते होडीकडे चालू लागले. होडीपाशी पोचल्यावरही त्यांना तो सोडवेना.