तीन कोअर पाहुणे

नवं मशीन आलं की चाचा कपाळावरचा ताप बघावा तसा त्याच्या पेटीवर हात ठेवायचे. गार लागली की म्हणायचे, "चार कोअर हायत अन् एकच राबून राहिलाय. बाकीचे तीन पाहुणे."

लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते कॉम्प्युटर लॅब सांभाळत. मोठी गणितं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमचा तयार संच सीडीवर यायचा. तो कुठल्याही मशीनवर चालायचा, पण रखडत. चाचा तो तसा टाकायचेच नाहीत. गणिताचे तुकडे केवढे पाडले की चारही कोअर, म्हणजे प्रोसेसरचे चारही मेंदू, राबतील, हे मोजून प्रत्येक प्रोसेसरसाठी संच नव्यानं बांधायचे. एका मशीनला दोन-दोन दिवस. पोरं वैतागायची. "आमचं खानदान दर्जी," चाचा म्हणायचे. "सगळ्यांला बसंल असा कपडा म्हंजे चादर."

भूकंपात त्यांची थोरली बहीण भिंतीखाली गेली होती. दगडमातीची भिंत हादऱ्यात आधी कुठं फुटते, याचं गणित ते बसवत होते. ते सोडवायला मशीनला आठवडा लागे. त्यांना ते एका दिवसात आणायचं होतं.

मी तेव्हा एका संघटनेतर्फे क्लासवाल्यांविरुद्ध पत्रकं काढायचो. अख्खं शहर त्यांनी परीक्षेला बसवलंय, हे मी आजही म्हणतो. एका रविवारी दुपारी लॅबमध्ये डोकावलो. कॉलेज बंद, मशीनं चालू, पडद्यावर आकड्यांच्या रांगा. तुम्ही लातूरचे असाल तर तुम्हालाही तेच वाटलं असतं. क्लासच्या परीक्षेचे मार्क! दुसरे कसले आकडे असतात इथं? चाचा शेजारीच बसले होते. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पत्रक वाटलं: 'कॉलेजची वीज, क्लासचा निकाल!'

चाचांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. "ते मार्क न्हाईत बेटा, सेकंद हायत. कोणत्या मापाच्या तुकड्याला किती लागले ते."

दुरुस्तीचं पत्रक काढू, असं मी संघटनेत म्हणालो. थांब, आंदोलन ढिलं पडेल, असं उत्तर आलं. मी थांबलो. कॉलेजनं माझंच पत्रक पुरावा म्हणून फाइलला लावलं आणि चाचांना कामावरून काढलं. ते नांदेडला लेकीकडे गेले, तिथंच वारले. भिंतीचं गणित अर्धंच राहिलं.

परवा त्या लॅबमध्ये गेलो होतो. आता आठ-आठ कोअरची मशीनं आहेत, संच तयारच टाकलेला. एक मशीन सकाळपासून गणित करत होतं. "मोठं गणित हाय, लागतो वेळ," तिथल्या बाई म्हणाल्या.

मी पेटीवर हात ठेवला. गारच होती.